‘तिथे बघण्यासारखं काही नाही’ अशा गावी पाच आठवडे

पत्र: ताई, आम्ही चिंचवडचे. यजमान बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मी शाळेत शिकवत होते. मुलगा स्वीडनमधल्या गोथेनबर्गला चाल्मर्समध्ये एम.एस. करायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. ८ जून ते १२ जुलै असे पाच आठवडे आम्ही त्याच्याकडे चाललो आहोत. व्हिसा झाला, तिकिटं झाली. आता ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘गोथेनबर्ग? तिथे काय आहे बघायला?’ सोसायटीतले एक गृहस्थ युरोपच्या सहलीला गेले होते, त्यांची बस त्या गावात फक्त जेवायला थांबली म्हणे. मुलगा दिवसभर ऑफिसात. तो म्हणतो, तुम्हा दोघांसाठी चार देशांची नऊ दिवसांची सहल बुक करून टाकतो. माझं मन घेत नाही, पण पाच आठवडे चार भिंतींत काय करणार? यजमानांचे गुडघे दुखतात. त्यांना मासे चालतात, मी अंडंही खात नाही. काय करावं? — एक आई, चिंचवड

ताई, सहल नको. बुकिंगचे पैसे भरायची मुदत जवळ आली असेल, म्हणून हे आधीच सांगून टाकते. नऊ दिवसांत चार देश म्हणजे पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर आणि दिवसातून वीस वेळा बसच्या पायऱ्यांची चढउतार. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पैसे मोजून हे दुखणं विकत घेऊ नये. स्टॉकहोम मात्र जरूर बघा. १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरात बुडालेलं आणि १९६१ साली वर काढलेलं वासा जहाज तिथे अख्खं उभं आहे, ते चुकवू नका. गोथेनबर्गहून रेल्वेने तीन-सव्वातीन तास लागतात. लेकाला एका शुक्रवारची रजा टाकायला सांगा, दोन रात्री राहा, परत या. एवढं पुरे.

आता गोथेनबर्ग. मी त्या गावात चार वर्षं काढली आहेत. पहिले सहा महिने मीही ‘इथे काय आहे’ म्हणणाऱ्यांतलीच होते, त्यामुळे तुमच्या सोसायटीतल्या गृहस्थांवर माझा राग नाही. या गावात रांग लावून फोटो काढावा असं एकही ठिकाण नाही. राजवाडा नाही, जगप्रसिद्ध पुतळा नाही. आवेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे, सगळे तिथेच नेतात. एकदा चालून या, वरच्या टोकाला कार्ल मिलेसने घडवलेला पोसायडनचा पुतळा आणि त्यामागचं कलासंग्रहालय बघा आणि त्या रस्त्याला विसरा.

आधी गावाचं नाव. तिथला माणूस गोथेनबर्ग म्हणत नाही, तो म्हणतो साधारण ‘येतेबॉरी’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी बोरीला यायला निघालंय. माझ्या मराठी शेजारणीला हा विनोद सांगितला तर ती हसली नाही. गोथेनबर्गकर नक्की हसले असते, कारण शब्दांच्या पाणचट कोट्या करण्याबद्दल ही माणसं स्वीडनभर बदनाम आहेत. नदीकाठच्या लाल-पांढऱ्या उंच इमारतीला ते ‘लिपस्टिक’ म्हणतात. मासळीबाजार १८७४ साली बांधला, तो दिसतो हुबेहूब चर्चसारखा, म्हणून त्याचं नाव फेस्केशोर्का, म्हणजे ‘मासळीचं चर्च’. गाव वसवणाऱ्या गुस्ताव अडॉल्फ राजाचा पुतळा चौकात आहे, त्याची कथाही तशीच. पहिला पुतळा जहाजातून येत होता. जहाज हेल्गोलांड बेटाशी फुटलं आणि बेटावरच्या लोकांनी पुतळा वाचवून बक्कळ पैसे मागितले. गोथेनबर्गच्या व्यापाऱ्यांनी हिशोब केला आणि सरळ दुसरा पुतळा ओतून घेतला. १८५४ पासून चौकात उभा आहे तो हा दुसरा. पहिला जर्मनीतल्या ब्रेमेनने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धात वितळवला. गावाचा स्वभाव कळायला ही एक गोष्ट पुरते.

पहिले दोन-तीन दिवस काही ठरवू नका. ट्रामने हिंडा. १८७९ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, १९०२ पासून विजेवर आल्या, आणि आज स्कँडिनेव्हियातलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं याच गावात आहे. तिकीट वेस्टट्रॅफिकच्या अॅपवर मिळतं. लेकाकडून तुमच्या फोनवर घालून घ्या आणि तुम्ही असताना तीस दिवसांचं घ्या, रोज हिशोब करत बसायला नको. ट्राममध्ये कंडक्टर नसतो, तपासनीस मात्र अचानक चढतात आणि दंड जबर आहे. म्हणून तिकीट काढल्याशिवाय पाऊल ठेवू नका, एका थांब्यासाठीसुद्धा.

आता मुख्य गोष्ट. हेच तिकीट बोटीलाही चालतं.

गावाच्या दक्षिणेला समुद्रात बेटांचा पुंजका आहे. ब्रेन्नो, स्टिर्सो, डोन्सो, व्रोंगो, शोपस्टाड्सो, आणखी लहानमोठी कितीतरी. ११ नंबरची ट्राम पकडायची, अर्ध्या-पाऊण तासात शेवटचा थांबा येतो, साल्टहोल्मेन. ट्राममधून उतरून दोन मिनिटं चाललं की धक्का, आणि धक्क्याला पांढरी बोट लागलेली. पर्यटकांच्या बोटींसारखं भोंग्यावरून माहिती सांगणं वगैरे नाही. शाळेची मुलं, पिशव्या घेतलेल्या आजीबाई, कुत्री, सायकली. आपल्याकडे भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाँच आठवा आणि त्यातली ढकलाढकली वजा करा. या बेटांवर चारचाकी गाड्यांना बंदी आहे. कुठे पुढे लाकडी फळी जोडलेली तीनचाकी मोपेड दिसते, त्यावर सिमेंटची गोणी, फ्रीज, कधी आजोबासुद्धा.

शोपस्टाड्सोवर तर मोपेडही जवळजवळ नाही. तिथल्या धक्क्यावर उतरलात की समोर ओळीने हातगाड्या उभ्या दिसतील. एका चाकाच्या, बांधकामावर खडी वाहायला वापरतात तशा. लाल, हिरव्या, गंजलेल्या. प्रत्येकीवर घराचं नाव नाहीतर नंबर रंगवलेला. माणसं गावातून बाजार करून बोटीने येतात, आपली हातगाडी शोधतात, त्यात दुधाचे खोके, बटाटे, एखादं पेंगुळलेलं पोर टाकतात आणि ढकलत घरी जातात. कुलूप नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर नुसती त्या हातगाड्यांपाशी बसून होते. बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मला हे सांगावंसं वाटतं, पण फोटोत ते काहीच दिसत नाही.

तुमच्या यजमानांसाठी मात्र स्टिर्सो किंवा व्रोंगो बरं. शोपस्टाड्सो छोटं आहे, पण वाटा खडकाळ. व्रोंगो हे माणसं राहतात अशांपैकी सगळ्यात दक्षिणेचं बेट, बोटीला जास्त वेळ लागतो आणि तो प्रवासच छान. तिथे ओलसर जागी लाकडी फळ्यांच्या पायवाटा घातल्या आहेत, गुडघ्यांना सोसतात. किनारा आपल्या कोकणासारखा मुळीच नाही. माड नाही, वाळू जवळजवळ नाही. करडा, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखा खडक सरळ पाण्यात उतरतो. हिमयुगात बर्फाने घासून घासून तो असा केला आहे. दुपारी हा खडक उन्हाने तापतो. त्यावर पाठ टेकून दहा मिनिटं पडा, कमरेला शेक मिळतो. जुलै उजाडला की ब्रेन्नोच्या धक्क्यावर गुरुवारी संध्याकाळी नाच असतो, म्हातारी माणसंही जोडीजोडीने नाचतात. बघायला जा. नाचलात तर मला कळवा.

एक खबरदारी. त्या गवतात गोचीड असते. घरी आल्यावर पाय, गुडघ्याची मागची बाजू नीट तपासायची. तिथले लोकही हेच करतात, घाबरण्यासारखं नाही. आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर बघून ठेवा. मी एकदा बघितली नव्हती, आणि बेटावरचं एकुलतं दुकान बंद झाल्यावर दीड तास पावसात उभी होते.

यजमानांना आता एकट्यांना हे पुढचं वाचायला द्या.

साहेब, तुम्ही ज्या वस्तूवर आयुष्य काढलंत तिचं एक मोठं माहेर हे गाव आहे. गामलेस्टादेन नावाच्या भागात कापडगिरण्या होत्या. जमीन नदीकाठची, चिकणमातीची, इमारती खचायच्या. गिरणीच्या लांबच लांब शाफ्टची सरळ रेषा बिघडायची आणि बेअरिंगं जायची. तिथे स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर होता. शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बॉल बेअरिंग त्याने काढलं आणि १९०७ साली एसकेएफ कंपनी सुरू झाली. चिंचवडला जिची पाटी तुम्ही रोज बघत आलात, तीच. आणि पुढचं ऐका: ‘व्होल्वो’ हे नाव मुळात एसकेएफने बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलेलं, लॅटिनमध्ये अर्थ ‘मी फिरतो’, ‘मी घरंगळतो’. ते नाव पडून होतं. एसकेएफच्याच आधाराने गाब्रिएल्सन आणि लार्सन या दोघांनी मोटारी बनवायला घेतल्या, तेव्हा ते नाव वापरात आलं. १४ एप्रिल १९२७ ला नदीपलीकडच्या हिसिंगेन भागातल्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर काढायची होती, गिअर टाकला आणि गाडी मागेच गेली, मागचा अॅक्सल उलटा बसवला होता, असं सांगतात. तीन बिंदूंचा सीट बेल्टही इथलाच, व्होल्वोच्या नील्स बोलीनने १९५९ साली आणलेला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. २०२४ साली ‘वर्ल्ड ऑफ व्होल्वो’ नावाची मोठी लाकडी वास्तू उघडली आहे, कोर्सवेगेन चौकाजवळ. अर्धा दिवस ठेवा. शेजारीच लिसेबेरी हा १९२३ चा जत्रेसारखा बाग-पाळण्यांचा परिसर आहे. पाळण्यात बसणार नसलात तर फुलं बघायला पुरेसा, पण त्यासाठी तिकीट काढावं असं मला वाटत नाही.

ताई, आता परत तुम्ही. तुम्ही शिक्षिका, म्हणजे इतिहासाचा कंटाळा नसणार. मुख्य कालव्याच्या काठी विटांची एक लांब, भारदस्त इमारत आहे, आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. स्वीडनमध्ये मांडलेलं एकमेव व्हायकिंग जहाज तिथेच आहे. पण इमारत मुळात कुणाची? स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची. हो, त्यांचीही होती. १७३१ साली गोथेनबर्गात स्थापन झाली. जहाजं बहुतेक चीनमधल्या कँटनला जायची, चहा, चिनी माती, रेशीम आणायची, आणि तो चहा पुढे बराचसा चोरवाटेने इंग्लंडात जायचा. हिंदुस्थानातही त्यांनी पाय टेकून बघितला. तमिळ किनाऱ्यावरच्या परंगीपेट्टईला १७३३ साली वखार घातली, ती इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून लुटली. १७५०च्या सुमारास एक जहाज आपल्या सुरतेलाही येऊन गेलं. सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट ‘येतेबॉरी’ नावाच्या जहाजाची: अडीच वर्षांची कँटनची सफर करून १२ सप्टेंबर १७४५ ला ते परत आलं आणि बंदराच्या तोंडाशी, माणसं काठावर वाट बघत असताना, माहितीतल्याच खडकावर आपटून बुडालं. माणसं सगळी वाचली. मालाचा जो भाग वर काढला त्याच्या लिलावावरही कंपनीला नफा झाला, यावरून धंदा काय असेल ते बघा. त्या जहाजाची तशीच्या तशी नवी प्रत त्यांनी बांधली आणि ती २००५ ते २००७ मध्ये चीनला जाऊनही आली. बंदरात असेल तर चढून बघता येते.

याच कंपनीचा एक संचालक होता विल्यम चाल्मर्स. कँटनला राहून आलेला. १८११ साली गेला तेव्हा त्याने एका शाळेसाठी पैसे ठेवले, ती शाळा १८२९ साली सुरू झाली. तुमचा लेक शिकला तेच हे चाल्मर्स. संग्रहालयातून आल्यावर त्याला विचारा, माहीत होतं का. बहुतेक नसेल.

खाण्याचं. लेकाने तुम्हाला हागामध्ये नेलं नाही असं होणारच नाही. जुना कामगार भाग, खालचा मजला दगड-विटांचा आणि वरचे दोन लाकडाचे अशी घरं. लाकडी घरं आगीच्या भीतीने दोन मजल्यांच्या वर बांधू देत नसत, म्हणून खालचा एक मजला दगडाचा करून लोकांनी तिसरा मिळवला. पळवाट काढण्यात आपणच पुढे असं उगीच वाटतं. तिथे ताटाएवढा दालचिनीचा बन मिळतो, तिघांत एक घ्या. पण मला विचाराल तर दालचिनीपेक्षा वेलदोड्याचा बन घ्या. स्वीडिश लोक वेलदोडा आपल्याइतक्याच प्रेमाने वापरतात, जाडाभरडा कुटून पिठात आणि वरूनही. पहिल्या घासाला श्रीखंडाच्या वाटीची आठवण येते. अडचण एकच: बनला चकाकी यावी म्हणून भाजण्याआधी बऱ्याच ठिकाणी अंड्याचा हात फिरवतात. अंड्याला त्यांचा शब्द ‘एग’ असाच ऐकू येतो, तेव्हा बोट दाखवून ‘एग?’ विचारलं तरी कळतं. शिवाय गोळ्या-जेलींमध्ये जिलेटिन असतं, ती सरळ टाळा. बाहेर जेवायला फलाफल सगळीकडे मिळतं.

यजमानांनी मासळीच्या चर्चमध्ये जावं. दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होतं, २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. तिथली कोलंबी बोटीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेली असते. सालासकट घ्यायची, घरी आणून टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोलायची, पावावर घालायची, वरून लिंबू. मसाला नाही म्हणून तोंड वाकडं करू नका, आधी एक खाऊन बघा. बांगड्याचा भाऊ म्हणावा असा मॅकरेलही मिळतो, तो मात्र खुशाल तिखट-मीठ लावून घरी तळा. घरी तळताना धूर ओळखणाऱ्या यंत्राकडे लक्ष ठेवा. फोडणीला ते किंचाळतं. खिडकी आधी उघडायची, मग मोहरी.

दह्याची काळजी नको. ‘फील’ नावाचं आंबट दूध खोक्यात मिळतं, ताक आणि दही यांच्या मधलं. बेसन लावून त्याची कढी अप्रतिम होते. फक्त खोका नीट वाचा. माझ्या पहिल्या महिन्यात मी खोक्यावरचं चित्र न बघता ब्लूबेरीचं आणलं आणि फोडणी घातल्यावर लक्षात आलं. जांभळी, गोड, वर हिंग-जिरं. नवऱ्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि अजून काढतो.

बॅगेत काय नेऊ नये ते आत्ताच सांगते, कारण तुम्ही जूनमध्ये निघणार आणि मन आंब्याकडे ओढ घेणार. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खरवस तर नाहीच. हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडीही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. लाडू न्यायचेच तर तेलातले तिळाचे न्या. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी घ्या. डाळ-तांदूळ तिथे मिळतात.

घरातलं एक. लेकाच्या इमारतीत कपडे धुण्याची खोली बहुधा सगळ्यांची मिळून असेल आणि वेळ आधी राखून ठेवायची असेल. ती वेळ म्हणजे मुहूर्त समजा. मी एकदा वीस मिनिटं उशिरा गेले, तर माझे ओले कपडे एका टोपलीत घडी घालून ठेवले होते आणि वर चिठ्ठी. चिठ्ठीत एकही शब्द वावगा नव्हता, सगळं ‘कृपया’ होतं. इतकं लाजल्यासारखं मला आईच्या रागावण्यानेही झालं नव्हतं.

तुम्ही असताना मिडसमर येईल, १९ ते २५ जूनमधला जो शुक्रवार असेल तो. तो त्यांचा खरा सण. त्या दिवशी गाव ओस पडतं, दुकानं बंद, सगळे बेटांवर नाहीतर गावाकडच्या घरी. गुरुवारीच भाजी-दूध आणून ठेवा. लेकाला कुणी बोलावलं असेल तर तुम्हीही जा. नसेल तर स्लॉट्सस्कूगेन या मोठ्या बागेत जा, फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती आबालवृद्ध बेडकासारख्या उड्या मारत गाणं म्हणतात. हे मी थट्टेने म्हणत नाही, ते गाणंच बेडकांचं आहे. ही बाग एरवीही तुमची. १३७ हेक्टर, आत मूस हरणं, सील, पेंग्विन, आणि प्रवेश फुकट. बागेच्या कडेला निसर्ग संग्रहालयात पेंढा भरलेला निळा देवमासा आहे, जगात असा एकमेव. १८६५ साली जवळच्या खाडीत अडकलेलं पिल्लू. पिल्लू सोळा मीटरचं! त्याचा जबडा बिजागरीवर उघडतो आणि आत बसायला बाकं आहेत, पण ते क्वचित उघडतात. रस्ता ओलांडला की वनस्पती उद्यान, १९२३ चं. तिथे पाच आठवड्यांत पाच वेळा जाल.

जुलैत रानात ब्लूबेरी पिकतात. गावाच्या पूर्वेला डेल्शोन तळ्याभोवती जंगल आहे, ट्रामने जाता येतं. स्वीडनमध्ये रानातली फळं कुणीही तोडून खाऊ शकतो, तो सगळ्यांचा हक्क मानलेला आहे. लोकांच्या अंगणातली सोडून, अर्थात. बोराएवढ्या रानस्ट्रॉबेऱ्या मिळाल्या तर तिथली मुलं त्या गवताच्या काडीत ओवतात, मण्यांसारख्या. तुम्ही आबोलीचा गजरा ओवलेल्या, तुम्हाला सहज जमेल.

पाऊस पडणार. हे पश्चिम किनाऱ्याचं गाव आहे, जूनमध्येही पडतो, आडवा पडतो. छत्री नेऊ नका, पहिल्याच दिवशी उलटी होईल. टोपीचं रेनजॅकेट घ्या.

आता लेकाबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी त्याच्यावर नाहीत, पण पत्र त्याच्यावरच आहे. त्याला वाटतंय, आई-बाबा आले आणि मी दिवसभर ऑफिसात, म्हणून तो सहलीचे पैसे भरायला निघालाय. त्याला एक हिशोब दाखवा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वादहाला मावळतो आणि पहाटे चार-सव्वाचारला उगवतो. (दिवेलागणीला शुभंकरोती म्हणत असाल तर जागं राहावं लागेल.) ऑफिस पाचला सुटलं तरी रोज पाच तास लख्ख उजेड उरतो. पाच आठवड्यांत किती तास होतात ते तुमच्या यजमानांना काढू दे.

त्यातली एक संध्याकाळ मास्टहुग्गेटच्या टेकडीसाठी ठेवा. वर १९१४ चं विटांचं चर्च आहे, आत लाकडी छत, उलटी ठेवलेली नाव वाटावी असं. गुडघ्यांसाठी बस आहे. तिथून नदी, क्रेन, पलीकडचं हिसिंगेन, सगळं दिसतं. खाली थोडं पुढे एका उंच मनोऱ्यावर एक बाई उभी आहे, समुद्राकडे बघत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या खलाशांसाठी १९३३ साली उभारलेली. आणि याच नदीवरून एकेकाळी स्वीडनची लाखो माणसं अमेरिकेला कायमची गेली, बहुतेक सगळी इथल्याच धक्क्यावरून. त्यांच्या आयांना पाच आठवड्यांचा व्हिसा नव्हता. मी त्या बाईपाशी फार वेळ थांबत नसे, तुम्हीही थांबू नका.

लेकाचं ऑफिस लिंडहोल्मेनला असेल तर (पुण्याहून गेलेली बरीच मुलं तिथेच असतात) गावाच्या बाजूच्या स्टेनपीरेन धक्क्यावरून पलीकडे छोटी बोट जाते. पायी माणसाला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पोचवते. साडेचारला निघा. पलीकडच्या धक्क्यावर बाक आहेत. त्याला आधी फोन करू नका. डब्यात थालीपीठ न्या, आणि यजमानांसाठी मफलर, पाण्यावर वारा असतो.